इरावती कर्वे आणि नात्यांचा नकाशा: फोनवर वंशावळ वाचता येईल अशी कशी मांडायची?

कुरखेड्यात जात पडताळणीचा अर्ज भरायचा तर वंशावळ द्यावी लागते. वडिलांकडची एक रेष काढणं सोपं असतं. पण त्याच झाडात मामा, आत्या, सोयरे घालायला गेलात की फोनच्या स्क्रीनवर नुसती गिचमिड होते. चूक दरवेळी ॲपची नसते. नात्यांचा आकारच वेगळा असतो. हे ज्यांनी देशभर फिरून तपासलं, त्या इरावती कर्वे.

नदीचं नाव, पुण्याचं घर

त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून हे नाव आलं. शिक्षण पुण्यात, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे आणि पुढे बर्लिनमध्ये. तिथे त्यांचे मार्गदर्शक वंशभेद मानणारे होते. पण कवट्या मोजल्यावर तसा भेद दिसला नाही, आणि इरावतीबाईंनी प्रबंधात तेच लिहिलं. १९३० साली त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या. मिळालेली माहिती ठरलेल्या साच्यात कोंबायची नाही, ही सवय पुढेही टिकली.

झाड की जाळं?

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. वेगवेगळ्या भाषांमधले नात्यांचे शब्द गोळा करून १९५३ साली त्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात देशाचे चार विभाग केले. उत्तरेत लग्न नात्याबाहेर, त्यामुळे रेषा बाहेर पसरतात. दक्षिणेत मामा-आत्याच्या घरी सोयरीक होते, म्हणून रेषा फिरून घरातच येतात. महाराष्ट्र मधल्या विभागात. आपल्याकडे सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते ना? ही त्याच रिवाजाची खूण. गोंड समाजातही अशा सोयरिकी होतात. म्हणजे इथलं झाड कधीकधी जाळं असतं.

मग मांडायचं कसं?

- एक पिढी एकाच आडव्या ओळीत ठेवा.
- मानववंशशास्त्रात पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ आणि लग्नाला दुहेरी रेष वापरतात. तेच वापरा. रंग दिसला नाही तरी आकार कळतो.
- भावंडं डावीकडून थोरल्यापासून लावा.
- ज्याची वंशावळ, तेवढीच खूण भरीव करा आणि त्याच्याच वाटेला गडद रंग द्या. बाकी सगळं फिकट.
- मामाच सासरा असेल तर त्याला दोनदा काढू नका, नाहीतर एकाचे दोन होतील. रेषा फारच कापत असतील तर दोन्हीकडे एकच क्रमांक देऊन तुटक रेषेनं जोडा.
- स्क्रीनवर तीन पिढ्या उघड्या ठेवा, बाकी फांद्या मिटवा.

इरावतीबाई १९७० साली गेल्या. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतात. पण घरचं झाड काढायला बसाल तेव्हा त्यांची बर्लिनमधली सवय आठवा. तयार टेम्प्लेटमध्ये बसत नाही म्हणून एखादं नातं गाळू नका, टेम्प्लेट बदला. आणि आजीला आधी विचारा, कारण अर्धी नावं तिलाच माहीत असतात.