स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (मूळ नाव : जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट १८८३ – १८ एप्रिल १९६६) हे योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे आद्य भारतीय संशोधक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होत.

जीवन

त्यांचा जन्म बडोदे संस्थानातील डभोई येथे मराठी कुटुंबात झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी राजरत्न माणिकराव यांच्याकडे शारीरिक शिक्षण घेतले. पुढे खानदेशात अमळनेर येथे ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात होते. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगगुरू. १९२४ मध्ये मुळशी तालुक्याला लागून असलेल्या मावळात, लोणावळ्यास, त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले.

संशोधन

उड्डियान व नौली या क्रियांचा त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. सर्वांगासनासारख्या उलट्या स्थितीत रक्तदाब किती बदलतो, हे त्यांनी साधकांवर उपकरणाने मोजून पाहिले. १९२७ साली रक्तदाब वाढल्यावर महात्मा गांधींनी त्यांच्याशी आसनांविषयी पत्रव्यवहार केला होता.

त्यांचे सर्वांत धाडसी काम मात्र प्राणायामावरचे आहे. प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, असा समज तेव्हा सर्वत्र होता. मराठीत ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ हाच शब्द रूढ असल्याने तो अधिकच पटत असे. १९३० च्या दशकात फुप्फुसांतील हवेचे पृथक्करण केल्यावर त्यांना या समजाला आधार आढळला नाही आणि स्वतः निष्ठावान साधक असूनही त्यांनी तसे प्रसिद्ध केले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले.

रक्तवाहिन्या सैल कशा होतात, याचा एक महत्त्वाचा दुवा त्यांच्या हयातीत अज्ञात होता. वाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशींतून एक पदार्थ बाहेर पडतो, त्याने भिंतीतील स्नायू शिथिल होऊन वाहिनी रुंदावते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवले. हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू होय. वाहणाऱ्या रक्ताच्या घर्षणानेही तो स्रवतो. अस्तर बिघडले की त्याचा पुरवठा घटतो व रक्तदाब वाढण्यास वाव मिळतो. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकालगतच्या पोकळ्यांतही हा वायू तयार होतो. गुणगुणत श्वास सोडल्यास नाकातून येणाऱ्या हवेतील त्याचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होते, असे स्वीडनमधील संशोधकांना २००२ साली आढळले. भ्रामरी प्राणायामात असेच गुंजन असते. अर्थात नाकातील या वाढीवरून भ्रामरीने रक्तदाब उतरतो, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी रक्तदाबच मोजावा लागतो.

‘आसने’ व ‘प्राणायाम’ ही कुवलयानंदांची प्रसिद्ध पुस्तके आहेत. कैवल्यधामात १९६० च्या दशकाच्या आरंभी योगोपचारांचे रुग्णालयही सुरू झाले.