अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाई होळकर (३१ मे १७२५ – १३ ऑगस्ट १७९५) या माळव्यातील होळकर राज्याच्या राज्यकर्त्या होत्या. भारतभर मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्याबद्दल त्या प्रसिद्ध आहेत. या दानधर्माचा मुख्य आधार त्यांच्या खासगी जहागिरीचे उत्पन्न हा होता.

जीवन

अहिल्याबाईंचा जन्म आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी झाला. मल्हारराव होळकर यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले व कारभारात सोबत घेतले. १७६६ मध्ये मल्हारराव व पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. त्यानंतर पेशवे माधवराव यांच्या मान्यतेने अहिल्याबाईंनी मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकर यांच्याकडे गेली.

खासगी जहागीर

होळकरांच्या उत्पन्नाचे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन भाग होते. दौलतीतून फौज व राज्यकारभार चाले. खासगी ही घराण्यातील स्त्रीची स्वतंत्र मिळकत असे. १७३४ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी ती मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना दिली. त्यांच्या मृत्यूनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. दोन्ही खाती वेगळी राखण्याविषयी अहिल्याबाई दक्ष असत. मोहिमांच्या खर्चावरून तुकोजींशी त्यांचे वारंवार खटके उडत.

कार्य

अहिल्याबाईंनी नर्मदाकाठचे महेश्वर ही राजधानी केली. तेथे घाट व मंदिरे बांधली आणि विणकरांना आश्रय दिला. महेश्वरी साडीची परंपरा त्यातूनच वाढली. वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांना त्यांनी मार्गरक्षणाचे काम दिले आणि त्याबद्दल ‘भिलकवडी’ हा कर घेण्याचा हक्क मान्य केला. काशीचे विश्वेश्वर मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर आणि वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर यांची उभारणी वा जीर्णोद्धार त्यांनी केला.

अखेर व वारसा

जावई यशवंतराव फणसे यांच्या मृत्यूनंतर कन्या मुक्ताबाई सती गेल्या. आईने केलेल्या विनवण्या व्यर्थ ठरल्या. १७९५ मध्ये महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले. त्यांनी उभारलेल्या अनेक वास्तूंच्या देखभालीसाठी १९६२ मध्ये इंदूर येथे खासगी न्यास स्थापन झाला.