मर्यादेतून मोठे झालेले यंत्रज्ञ : गुनपेई योकोई

जे अधिक वेगवान ते अधिक चांगले, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. परंतु बमरोलीतल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला विचारा. तो सांगेल की, धाग्याला सोसेल त्याहून मागाची गती वाढविली तर धागे तुटू लागतात, आणि वाचविलेला वेळ ते सांधण्यातच निघून जातो. हेच तत्त्व एका अगदी निराळ्या क्षेत्रात ओळखून ज्यांनी जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या हाती खेळ दिला, त्या गुनपेई योकोई ह्या जपानी यंत्रज्ञाचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

योकोई ह्यांचा जन्म 10 सप्टेंबर 1941 रोजी क्योतो ह्या जपानच्या जुन्या राजधानीत झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून पदवी घेऊन 1965 साली ते निन्टेंडो कंपनीत नोकरीस लागले. 1889 साली स्थापन झालेली ही कंपनी फुलांची चित्रे असलेल्या पत्त्यांसाठी प्रसिद्ध होती; आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण व्हावी असेच ते पत्ते. ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे, एवढेच योकोई ह्यांचे काम होते. फावल्या वेळी त्यांनी सरकत्या जाळीच्या दाराप्रमाणे लांब होणारा व आखडणारा एक खेळण्यातला हात तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची ह्यांच्या तो दृष्टीस पडला. त्यांनी त्याचे विक्रीयोग्य खेळणे करण्याची आज्ञा केली. 1966 साली ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. यंत्रांना तेल देणारा तरुण खेळण्यांचा निर्माता झाला.

पुढे एकदा वेगवान आगगाडीतून जात असता, कंटाळलेला एक प्रवासी आपल्या गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसलेला त्यांना दिसला. त्या साध्या दृश्यातून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना त्यांना सुचली, आणि 1980 साली ‘गेम अँड वॉच’ हा खेळ जन्मास आला. गणकयंत्रातला द्रवस्फटिकांचा पडदा तोवर स्वस्त झाला होता. तो स्वतः प्रकाश देत नसल्यामुळे त्याला वीजही अत्यल्प लागे. म्हणून बटणाएवढ्या सेलवर तो खेळ चाले. जुने झालेले, स्वस्त व पूर्ण परिचित असे साहित्य घ्यावे आणि त्याचा उपयोग मात्र कोणी न केलेला करावा, हे योकोई ह्यांच्या कार्याचे सूत्र होते.

ह्या सूत्राची खरी कसोटी 1989 साली लागली. सातोरू ओकादा प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र सिद्ध केले. अशा यंत्राचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याच्या प्रत्येक ठोक्याला थोडी वीज खर्च होते. ठोके वाढविले की काम जलद होते, पण सेलही लवकर रिते होतात. पडद्यामागे दिवा लावला तर खर्च आणखीच वाढतो. गेम बॉयचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे 42 लाख ठोक्यांचा, म्हणजे त्या काळच्या मानानेही साधाच होता. काम नसेल तेव्हा त्याला थांबवून ठेवण्याची सोयही त्यात होती. पडदा हिरवट, केवळ चार छटांचा आणि बिनदिव्याचा. अंधारात खेळता येत नसे. मुलांना दिव्याखाली सरकून बसावे लागे. रंगीत पडदे तेव्हा नव्हते असे नाही. योकोई ह्यांनी ते जाणून-बुजून नाकारले.

त्याच वर्षी अटारी कंपनीचे ‘लिंक्स’ आणि पुढील वर्षी सेगा कंपनीचे ‘गेम गिअर’ ही यंत्रे आली. दोन्हींचे पडदे रंगीत व प्रकाशमान! पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असे ते वैभव. परंतु त्यांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय मात्र चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले आणि किमतीलाही स्वस्त होता. ज्या घरी सेलांचे पैसे मोजून द्यावे लागतात, त्या घरच्या मुलाला ह्या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून जवळजवळ 12 कोटी यंत्रे विकली गेली.

यशाबरोबर अपयशही त्यांच्या वाट्यास आले. 1995 सालचे त्यांचे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे यंत्र डोळ्यांना लावून पाहावे लागे. ते हातात धरून कोठेही खेळता येत नसे आणि त्यातले लाल-काळे चित्र लोकांना रुचले नाही. अल्पावधीतच त्याचे उत्पादन बंद झाले. परंतु योकोई खचले नाहीत. 1996 साली अवघ्या दोन बारीक सेलांवर चालणारा छोटा गेम बॉय बाजारात आला. त्यानंतर त्यांनी एकतीस वर्षांची नोकरी सोडून स्वतःची संस्था काढली. तेथे ‘वंडरस्वान’ ह्या नव्या यंत्राचे काम त्यांनी हाती घेतले.

दुर्दैवाने ते यंत्र पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 4 ऑक्टोबर 1997 रोजी महामार्गावर एका लहानशा अपघातानंतर ते मोटारीतून खाली उतरले असता दुसऱ्या मोटारीची धडक बसून त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे 56 होते. 1999 साली वंडरस्वान प्रसिद्ध झाले. त्याला एकच पेन्सिल सेल लागे आणि तेवढ्यावर ते तीस तासांच्या आसपास चाले! त्यावरील एका खेळास योकोई ह्यांच्या स्मरणार्थ त्यांचेच नाव देण्यात आले.

आज आपल्या घरच्या मोबाइलमधील प्रोसेसरही काम कमी असता स्वतःची गती उतरवितो आणि वीज राखतो. शक्ती किती आहे ह्यापेक्षा ती कोठे खर्चावी व कोठे राखावी हे ओळखणे अधिक कठीण असते. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे बळ एकदम खर्चू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने योकोई ह्यांच्या त्या साध्या, हिरवट पडद्याच्या यंत्राचे स्मरण करावे. डोळे दिपविणारी यंत्रे अर्ध्या वाटेत विझत. ते मात्र खेळ संपेपर्यंत मुलाच्या हातात चालत राही.