फाटलेली खातेवही आणि शाबूत कारकून

किरणोपचाराला आपल्याकडे शेक म्हणतात. आमच्या इस्लापूरचा एखादा रोगी मुंबईच्या टाटा रुग्णालयातून शेक घेऊन परततो, तेव्हा घरच्यांना एकच कोडे पडते. गाठ जाळणारा किरण चांगल्या मांसाला कसा सोडतो? खरे तर तो सोडत नाहीच.

त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४१ पासून सांभाळल्या. जन्म १८९५ चा, क्वेट्ट्याचा, घराणे गोमंतकीय. लंडनला विकृतिशास्त्र शिकून ते मुंबईत प्राध्यापक झाले. सूक्ष्मदर्शकाआधी माणसाच्या सवयी पाहणारा हा डॉक्टर. तंबाखू-चुन्याने ओठाआत आणि धोतराच्या काचाने कमरेवर होणारे कर्करोग त्यांनी डॉ. सूर्याबाईंसह १९४५ साली जगापुढे मांडले. तळहातावर तंबाखू मळणाऱ्या आमच्या भागाने ते तेव्हाच ऐकायला हवे होते! १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे पहिले संचालक तेच. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली घडल्या.

अणुचाचण्यांची धूळ जगभर पडू लागली, तेव्हा १९५५ साली संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाच्या परिणामांसाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली. तिच्यात भारताची बाजू खानोलकरांनी सांभाळली. थोडा थोडा किरणोत्सर्ग पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न होता. केरळच्या थोरियमयुक्त वाळूवर राहणारी माणसे त्यामुळेच चर्चेत आली.

त्या काळी सर्वांची नजर आनुवंशिक द्रव्यावर, म्हणजे डीएनएवर होती. योगायोग असा, की समितीचे काम सुरू झाले त्याच १९५६ साली अमेरिकेत किरण मारलेल्या डबाबंद मांसात एक जिवाणू जिवंत सापडला. त्याचा डीएनएही किरणांनी तुटतोच; पण मँगनीजची संयुगे त्याच्या प्रथिनांना वाचवतात, हे २००७ च्या सुमारास उमगले. आयुष्य बँकेत गेल्याने मला हे चटकन पटले. खातेवही फाटली तरी कारकून शाबूत असेल, तर दुसऱ्या प्रतीवरून ती पुन्हा लिहिता येते. कारकूनच जायबंदी झाला तर?

आपल्या पेशींतही हेच. किरण पाण्याचे रेणू फोडतात, त्यांचे जहाल तुकडे प्रथिनांवर तुटून पडतात. काही विकरे त्या तुकड्यांना निष्प्रभ करतात, काही प्रथिने वाकलेल्यांना पुन्हा घडी घालतात, बिघडलेली मोडीत निघतात आणि उरलेली डीएनए सांधतात. निरोगी पेशी हे सांधकाम बहुधा गाठीतल्या पेशींहून नीट करते. म्हणून शेक एकदम न देता रोज थोडा, काही आठवडे देतात.

खानोलकर १९७८ साली वारले.