पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

आपल्या मालेगावाजवळून आग्रा रोड जातो. याच रस्त्याने धुळे, शिरपूर, सेंधवा असं पुढं गेलं की खलघाटाला नर्मदा लागते. तिथून जवळच, नर्मदेच्या काठी महेश्वर आहे. आणि नाशिकच्या बाजूला गेलं तर चाळीसेक किलोमीटरवर चांदवड. तिथला होळकरांचा रंगमहाल काहींनी सहलीत पाहिला असेल. म्हणजे अहिल्याबाई काही आपल्याला परक्या नाहीत.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्या जिल्ह्याला आता त्यांचंच नाव दिलं आहे, अहिल्यानगर. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. मल्हारराव होळकरांनी या मुलीला देवळात पाहिलं आणि सून करून घ्यायचं ठरवलं, असं सांगतात. १७३३ मध्ये मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्या तिसरीतल्या मुलीएवढ्या, बरं का!

लहानपणापासून त्यांचा महादेवावर फार भाव. पण देवावर भाव आहे म्हणून संकटं काही थांबली नाहीत. तो काळ सदा लढायांचा. घरातली पुरुषमाणसं वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर. १७५४ मध्ये भरतपूरजवळ कुंभेरीच्या किल्ल्याला मराठ्यांनी वेढा दिला होता. तिथं तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी रडून विनवलं, की आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर माझं कोण? त्यांनी ऐकलं आणि त्या मागं फिरल्या. तेव्हाचे लोक याला काय काय बोलले असतील! मला तर वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात धीराचं काम हेच.

मग मल्हाररावांनी त्यांना कारभार शिकवला. तोफा कुठं न्यायच्या, दारूगोळा किती साठवायचा, हेसुद्धा ते सुनेला पत्रातून कळवत. १७६६ मध्ये मल्हारराव वारले. पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. आता बाईमाणूस एकटी उरली असं पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांना बोलावलं. दादा फौज घेऊन उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी आले.

अहिल्याबाई देवघरात बसून राहिल्या का? मुळीच नाही. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना मदतीसाठी पत्रं धाडली, तुकोजी होळकरांना फौजेसह पुढं पाठवलं. दादांना निरोप दिला, की मी बायकांची फौज घेऊन उभी राहीन. मी हरले तर मला कुणी हसणार नाही, पण तुम्ही हरलात तर जग हसेल. पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही बाईंचीच बाजू घेतली. शेवटी दादा म्हणाले की आपण तर मालेरावांच्या दुखवट्याला आलो होतो! लढाई टळली.

पुढं २८ वर्षं त्यांनी महेश्वरहून राज्य केलं. हुकमावर स्वतःचं नाव न घालता श्री शंकर असं लिहीत. राज्य देवाचं, आपण फक्त सांभाळणाऱ्या, असा त्यांचा भाव होता. रोज सकाळी मातीच्या पिंडी करून पूजा व्हायची. पूजेनंतर पिंडी नर्मदेत सोडायच्या आणि मग दरबारात लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. वाटसरूंना लुटणाऱ्या भिल्लांना त्यांनी रस्त्याची राखण दिली आणि त्याबद्दल भिलकवडी हा कर घेण्याचा हक्कही दिला. काशीचं विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये नव्यानं बांधलं. सोमनाथ, वेरूळ, गया इथंही कामं केली. घाट, विहिरी, धर्मशाळा किती म्हणून सांगाव्या. महेश्वरला विणकर आणून वसवले. आपल्या गावात मागाचा खडखडाट रोजच कानावर पडतो, तेव्हा महेश्वरी साडी कशी विणतात ते मोठ्यांना विचारा.

इतकं करूनही दुःखानं पाठ सोडली नाही. मुलगी मुक्ताबाई, तिचाही मुलगा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी पदर पसरला, पण मुलीनं ऐकलं नाही. जी गोष्ट सासऱ्याच्या शब्दाखातर आईनं टाळली, ती लेकीची तिला टाळता आली नाही. तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, असं सांगतात. मग मुलीची छत्री बांधायला घेतली, आणि पुन्हा सकाळची पूजा, पुन्हा दरबार.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्या वारल्या. तिथल्या वाड्यात मातीच्या पिंडींची ती पूजा अजून चालू आहे.