न्यूटन, हूक आणि माझी चुकलेली बेरीज: बलं एकत्र कशी येतात?

अकरावीच्या एका चाचणीत मी ३ न्यूटन आणि ४ न्यूटन या दोन बलांची बेरीज ७ न्यूटन लिहिली होती. बरोबर उत्तर होतं ५, कारण दोन्ही बलं एकमेकांशी काटकोनात होती. मार्क गेले, आणि फिजिक्स आपल्याला जमणारच नाही असं मी ठरवून टाकलं. बऱ्याच वर्षांनी, ज्याच्या नावाचं हे एकक आहे त्या आयझॅक न्यूटनचं चरित्र वाचलं आणि ती बेरीज नीट समजली.

न्यूटनचा जन्म इंग्लंडमधल्या वुल्सथॉर्पचा, तिथल्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ चा. वडील तीन महिने आधीच वारले होते. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि त्याला आजीकडे ठेवलं. पुढे आईनेच त्याला शाळेतून काढून शेतीला लावलं, पण त्याचं तिथे लक्ष लागेना. शेवटी तो पुन्हा शाळेत गेला आणि १६६१ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचला. १६६५ मध्ये प्लेगमुळे विद्यापीठ बंद झालं, तेव्हा घरी बसून त्याने गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर काम केलं. २६ व्या वर्षी तो केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाला.

१६७९ मध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने त्याला पत्रातून एक कल्पना सुचवली. ग्रहाची सरळ रेषेतली गती आणि सूर्याकडे होणारी ओढ, या दोन्ही मिळून ग्रहाची वाट ठरते. हूककडे कल्पना होती, पण गणिती सिद्धता नव्हती. ती न्यूटनने शोधली आणि कुणाला न सांगता ठेवून दिली. १६८४ मध्ये एडमंड हॅली भेटायला आला, त्याने याच ग्रहांच्या कक्षेबद्दल विचारलं, तेव्हा तो विषय पुन्हा निघाला. त्यातून १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ छापला गेला, तोही हॅलीच्या खर्चाने.

या ग्रंथात गतीच्या तीन नियमांनंतर लगेच माझ्या चुकीचं उत्तर आहे. दोन बलं दोन बाजू म्हणून काढा, समांतरभुज चौकोन पूर्ण करा. दोन्हींचा मिळून परिणाम कर्णाच्या दिशेने होतो. म्हणजे बलाचा नुसता आकडा पुरत नाही, दिशाही बघावी लागते. एकाच दिशेला ३ आणि ४ म्हणजे ७, विरुद्ध दिशेला १, आणि काटकोनात ५.

हे तुमच्या फोनवरच बघता येतं. सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा आणि फोन टेबलावर सपाट ठेवा. एका अक्षावर सुमारे ९.८ दिसेल, बाकी दोन शून्याजवळ. आता फोनची वरची कड ४५ अंश उचलून स्थिर धरा. दोन अक्षांवर सुमारे ६.९ दिसेल. सरळ बेरीज केली तर १३.८ येते, पण फोन काही जड झालेला नाही! दोन्हींचे वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा, पुन्हा ९.८ च्या आसपास. ऑटो-रोटेट याच आकड्यांवरून फोन उभा की आडवा हे ओळखतं.

आता हूकचं काय झालं? त्याने श्रेय मागितलं तेव्हा न्यूटन इतका चिडला की ग्रंथाचा तिसरा भाग छापायचाच नाही म्हणाला. हॅलीने समजूत काढली, पण हूकचे बरेच उल्लेख न्यूटनने खोडले. पुढे तो टांकसाळीत मोठ्या पदावर गेला आणि १७०३ मध्ये, हूक वारला त्याच वर्षी, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १७२७ मध्ये तो गेला.

सिद्धता न्यूटनचीच, यात वाद नाही. पण हूकचं ते पत्र आणि हॅलीची ती भेट नसती, तर ती कागदांतच पडून राहिली असती असं मला वाटतं. मी मात्र अकरावीत माझं चुकलेलं उत्तर कुणालाच दाखवलं नाही. तुमचं उत्तर चुकलं तर मित्राला किंवा सरांना जरूर दाखवा, आणि फोनचा प्रयोग आजच करून बघा.