गाठ त्यांची, दोरी आपली

खरी कमाईच्या दिवसांत शेजारच्या काकांची सायकल पुसून मिळवलेले आठ आणे मला अजून आठवतात. आमच्या शाळेतल्या स्काउटच्या खोलीत एक तसबीर होती. रुंद काठाची टोपी, गळ्यात स्कार्फ, मिस्कील डोळे. लॉर्ड बेडन पॉवेल! खोलीत शिरताना आम्ही त्या तसबिरीला तीन बोटांचा सलाम ठोकत असू. त्यांचे चरित्र वाचले ते मात्र पुष्कळ उशिरा.

जन्म २२ फेब्रुवारी १८५७, लंडन. तीन वर्षांचे असताना वडील गेले. मोठ्या कुटुंबाचा गाडा आईने ओढला. चार्टरहाउस शाळेत अभ्यास यथातथाच. मास्तरांची नजर चुकवून शेजारच्या झाडीत शिरायचे, ससे पकडायचे आणि धूर दिसणार नाही अशा बेताने चूल पेटवून शिजवायचे. ऑक्सफर्डचे दार उघडले नाही, तेव्हा १८७६ साली लष्करात शिरून ते थेट लखनौला आले.

पुढे १८९७ पासून मीरतला एका घोडदळाचे प्रमुख असताना त्यांनी सैनिकांना लहान तुकड्या पाडून टेहळणी शिकवली. त्यावरचे पुस्तक १८९९ साली निघाले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर सैन्याने मॅफेकिंगला वेढा घातला. २१७ दिवस त्यांनी गाव राखले. निरोप्याची कामे तिथल्या शाळकरी मुलांनी केली. मुलांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात, हे त्यांनी तिथे पाहिले.

ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरवले. काही बड्या शाळांतली, काही कामकऱ्यांच्या घरची. चार संघ, प्रत्येकाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. तंबू, चूल, गाठी, माग काढणे, सारे स्वतःच्या हातांनी. पुढच्या वर्षी मुलांसाठी पुस्तक आले आणि चळवळ वणव्यासारखी पसरली. १९१० साली बहीण ॲग्नेस हिच्या साथीने मुलींसाठी गर्ल गाइड्स सुरू झाली.

पण ज्या भूमीत या विद्येची उजळणी झाली, तिथल्या मुलांना मात्र दार बंद होते. भारतात आरंभीची पथके गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांची. मग आपल्या माणसांनी वाट पाहिली नाही. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत स्वतंत्र पथके उभी केली. १९२१ साली बेडन पॉवेल भारतात आले, दार उघडले. परंतु १९३७ च्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयीच्या त्यांच्या उद्गारांनी संताप उसळला आणि त्यातून हिंदुस्थान स्काउट संघटना जन्मली. स्वातंत्र्यानंतर, १९५०-५१ मध्ये, हे प्रवाह भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये एकत्र आले.

हे वाचले त्या दिवशी माझा सलामाचा हात जरा खाली आला, हे कबूल करतो. मुलांवर विश्वास टाका, असे जगाला शिकवणाऱ्याने आमच्या मुलांवर तो टाकायला इतका उशीर करावा?

८ जानेवारी १९४१ रोजी केनियात न्येरी येथे त्यांचे निधन झाले. थडग्यावर वर्तुळ आणि मधोमध ठिपका आहे. माग संपला, मी घरी गेलो, अशी ती स्काउटची खूण. पुढचा माग मात्र आपल्याच माणसांनी काढला. ते आठ आणे मला तसबिरीतल्या लॉर्डसाहेबांनी दिले नव्हते. ते काकांनी दिले, सायकल लख्ख झाली म्हणून. तुमच्या घरातल्या मुलाला या रविवारी एखादे काम पूर्णपणे सोपवून पाहा. मध्ये बोलू मात्र नका!